कुंडीत उतरणारा माणूस

(बुऱ्हाणपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला आठवीत विज्ञान शिकवलं. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते आम्हा पंधरा-वीस मुलांना सायकलींवरून कुंडी भंडाऱ्याला घेऊन गेले. एका कुंडीच्या काठाशी आम्हाला पालथं झोपवून त्यांनी खाली बघायला लावलं. आत गार अंधार होता. डोळे सरावले तेव्हा तळाशी पाण्याची पट्टी चकाकताना दिसली. सरांनी एक वाळकं पान आत सोडलं. पान भिरभिरत खाली गेलं, पाण्याला टेकलं आणि हळूहळू शहराच्या दिशेनं दिसेनासं झालं. तेव्हा कळलं की हे साठलेलं पाणी नाही, हे चालतं पाणी आहे.

मग सरांनी दोन प्रश्न विचारले. हे पाणी इथवर आणलं कुणी? याचं उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आम्ही एका सुरात दिलं. दुसरा प्रश्न होता : आणि ते साडेतीनशे वर्षं वाहतं ठेवलं कुणी? याला मात्र कुणापाशीच उत्तर नव्हतं. सरांनीही ते दिलं नाही. सायकलीला टांग मारून ते पुढे निघाले.

आज मी जे बोलणार आहे ते त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. माझ्या नोकरीची सगळी वर्षं मी विज्ञान-व्यवस्थापनात काढली. प्रयोग मी केले नाहीत. इतरांचे प्रयोग चालू राहावेत म्हणून लागणारं काम केलं. त्या कामात आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला आपण सरसकट एआय म्हणतो ती, शिरली आहे. तिच्यामुळे या वाटेवरच्या नोकऱ्यांचं काय होईल, हा आजचा विषय. समोर बरीच तरुण मुलं दिसताहेत, त्यांच्या आईवडिलांचे चिंतेचे चेहरेही दिसताहेत. म्हणून जे मला खरोखर वाटतं तेच सांगेन.

आधी कुंडी भंडाऱ्याचं थोडं. तुम्हाला ठाऊक आहे, पण आज ते वेगळ्या डोळ्यांनी बघू. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खडकांच्या थरांतून तापीकडे झिरपत जातो. जहांगीर बादशहाच्या काळात, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, १६१५ साली तबकुतुल अर्ज नावाच्या पर्शियन भूगर्भतज्ज्ञानं हे झिरपतं पाणी तापीला मिळण्याआधीच वाटेत गाठलं. जमिनीखाली बोगदे खोदले, त्यांना बेताचा उतार दिला आणि पाणी आपल्या पायानं शहरात आलं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. या बोगद्यांवर ठरावीक अंतरानं शंभरावर कुंड्या आहेत. २०२४ साली ही रचना युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली.

आता कुंड्यांकडे नीट बघा. पाणी तर बोगद्यातून वाहतं, मग वर उघड्या तोंडाच्या एवढ्या कुंड्या कशाला? हवा आणि उजेड आत जावा म्हणून. आणि माणसाला आत उतरता यावं म्हणून! इथलं पाणी चुन्याचं. बोगद्याच्या भिंतींवर चुन्याची पुटं चढतात आणि वाट अरुंद होत जाते. कुणीतरी उतरून ती साफ करावी लागते. ज्यानं ही रचना आखली त्याला पक्कं ठाऊक होतं की पाणी वाहायला उतार पुरतो, पण वाहतं राहायला माणूस लागतो.

ही एवढी गोष्ट मनात ठेवा. आता विज्ञानाकडे वळतो.

विज्ञान-व्यवस्थापन म्हणजे नेमकं काय? महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या आपल्या दोन्ही राज्यांतलं ताजं उदाहरण घेऊ. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिला मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. एकमेकींना काटकोनात असलेल्या ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, आत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी, आणि तिच्यातून धावणारा लेसरचा किरण. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था या कामात आहे, तशीच आपल्या इंदूरची राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र ही संस्थाही आहे. आता विचार करा, हे उभं करायला नुसते भौतिकशास्त्रज्ञ पुरतील का? जमीन कुणाची, मोबदला कसा, निविदा कुठली, कंत्राटात काय लिहायचं, परदेशातून येणारा भाग कुठल्या बंदरात उतरणार, शेजारच्या गावाला काय सांगायचं, दर तिमाहीला किती पैसा लागणार – हे सगळं कुणीतरी बघावं लागतं. तेच विज्ञान-व्यवस्थापन. संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांमधले अधिकारी, प्रयोगशाळांचे प्रकल्प-व्यवस्थापक, पेटंट आणि तंत्रज्ञान-हस्तांतर बघणारी माणसं, संशोधन-कार्यालयातले कर्मचारी, ही सगळी या एकाच बिरादरीतली.

आणि हे काम वाढतं आहे. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं, पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांच्या उद्दिष्टासह. जुलै २०२५ मध्ये उद्योगांतल्या संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर झाली. एवढा पैसा वाहायचा तर पाट लागणार, आणि पाट सांभाळणारे लागणार. नेमक्या याच घडीला एआय दाराशी येऊन उभी आहे.

या व्यवसायातल्या कामाचे मी तीन भाग करतो. पहिला कागदाचा, दुसरा निवडीचा, तिसरा जबाबदारीचा. एकेक घेऊ.

पहिलं, कागदाचं काम. बाहेरच्या माणसाला कल्पना नसते, पण विज्ञान कागदावर चालतं. प्रस्ताव, मंजुरीपत्र, खरेदीची टिपणी, तीन दरपत्रकं, प्रगती अहवाल, बैठकीचं इतिवृत्त, आणि वर्षाअखेरी निधी कसा खर्चला याचं प्रमाणपत्र, ज्याला कचेरीत सगळे नुसतं 'यूसी' म्हणतात. यूसी गेली नाही की पुढचा हप्ता थांबतो. हप्ता थांबला की संशोधक विद्यार्थ्याचं विद्यावेतन थांबतं.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट सांगतो. एका संशोधिकेनं परदेशातून एक एन्झाइम मागवलं होतं. कोरड्या बर्फात बांधलेली, थर्मासच्या आकाराची पेटी. मुंबईच्या विमानतळावर ती उतरली आणि सीमाशुल्काच्या सवलतीच्या एका प्रमाणपत्रावर सही नव्हती म्हणून अडकली. सही करणारे साहेब रजेवर. शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला. मंगळवारी पेटी आली. झाकण उघडलं तर बर्फाचा मागमूस नाही, तळाशी कोमट कुपी. त्या बाईंनी आवाज चढवला नाही. कुपी उजेडात धरून पाहिली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आठ महिने." तेवढेच दोन शब्द. ते प्रमाणपत्र माझ्या टेबलावरून गेलं होतं. सही राहिली आहे हे मी बघायला हवं होतं. ते दोन शब्द मी आजही विसरलेलो नाही.

असं प्रमाणपत्र आज यंत्र क्षणात तपासू शकतं आणि सही राहिलीय म्हणून चारदा आठवण करू शकतं. मग जाऊ द्या हे काम यंत्राकडे. अहवालाचा कच्चा मसुदा जाऊ द्या, इतिवृत्त जाऊ द्या, शंभर पानी नियमावलीतलं नेमकं कलम शोधणं जाऊ द्या. यात मला दुःख नाही, उलट आनंद आहे. यंत्राची स्मरणशक्ती हे विज्ञानाला वरदानच आहे. हळदीचं पेटंट आठवा. जखम बरी करायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. त्याविरुद्धची लढाई झाली तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल धुंडाळले, आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. पण दर वेळी असं एकेका पेटंटमागे किती धावणार? म्हणून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहिला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांमधली माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी अशा पाच भाषांत मांडली गेली आणि २००९ पासून युरोपातले पेटंट-परीक्षक ती स्वतः तपासू लागले. आजीच्या बटव्यातलं ज्ञान म्युनिकच्या पेटंट-कार्यालयातल्या टेबलावर शोधता येऊ लागलं. शोधणं यंत्रानं सोपं केलं. मात्र लढायचं, हे आधी ठरवलं माणसांनी. तो क्रम लक्षात ठेवा.

पण कागद सोपा झाला की काय होतं? कागद वाढतो! अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला सर्वांत जास्त निधी देणारी संस्था म्हणजे एनआयएच. तिच्याकडे एका संशोधकानं एकाच फेरीत चाळीसहून अधिक वेगवेगळे प्रस्ताव पाठवले. एआय हाताशी असल्याशिवाय हे कुणाला जमणार? २०२५ मध्ये त्या संस्थेला नियम करावा लागला, एका संशोधकाचे वर्षाला सहाच प्रस्ताव, आणि मुख्यतः यंत्रानं लिहिलेले तर नकोतच. म्हणजे लिहिणाऱ्याचे कष्ट वाचले, ते वाचणाऱ्याच्या डोक्यावर आले.

आपल्या गावात हे समजावून सांगायला नको. इथे घराघरात यंत्रमागाची खडखड आहे. हातमागावर एक विणकर, एक माग. यंत्रमागावर एक कारागीर अनेक माग सांभाळतो. कापड कितीतरी पटींनी निघतं. पण धागा तुटला की कुणाच्या तरी नजरेला यावं लागतं. एका माणसाच्या नजरेखाली चाराऐवजी आठ माग दिले, तर माग तसेच चालतील, कापडही निघेल, आणि तुटलेला धागा थानभर तसाच जाईल. उद्या आमच्या कचेऱ्यांत हेच होणार आहे. दहा जणांचं काम तिघांवर येईल आणि हाताखाली यंत्र असेल. त्या तिघांची नजर कशी राहील, हा खरा प्रश्न. त्याकडे मी परत येणार आहे.

दुसरं, निवडीचं काम. हजार प्रस्ताव आले, पैसा शंभरांपुरता आहे. कुणाला द्यायचा? विज्ञान-व्यवस्थापनाचा हा गाभा. इथेही यंत्र आलं आहे. चीनच्या निसर्गविज्ञान प्रतिष्ठाननं प्रस्तावाला योग्य परीक्षक शोधायला एआय वापरून पाहिली, आणि ते समजण्यासारखं आहे. पण पुढचं पाऊल टाकावं का? प्रस्तावाचं परीक्षणच यंत्राकडे द्यावं का? एनआयएचनं जून २०२३ मध्येच परीक्षकांना त्याची बंदी केली, कारण गोपनीय प्रस्ताव यंत्रात घातला की तो कुठे जाईल याची हमी नाही. आणि जुलै २०२५ मध्ये एक प्रकार उजेडात आला. आठ देशांतल्या चौदा संस्थांमधल्या लेखकांच्या काही शोधनिबंधांत पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत एक सूचना लपवलेली सापडली. माणसाला न दिसणारी, यंत्राला दिसणारी. सूचना होती, फक्त चांगलं लिही. ज्यांनी हे केलं त्यांना माहीत होतं की पलीकडे वाचायला कदाचित माणूस नसेल. विज्ञानातला विश्वास आटतो तो असा.

तरी समजा, यंत्र प्रामाणिक आहे, गोपनीयता पक्की आहे. मग द्यावं का निवडीचं काम? पुन्हा एक गोष्ट सांगतो. १९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार तरुण भारतीयांनी मायदेशी पत्र लिहिलं : आम्हाला परत येऊन भारतात रेडिओ खगोलशास्त्र उभं करायचं आहे. त्यांतले एक गोविंद स्वरूप. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा या विषयाचा गट नव्हता. संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी त्या पत्रात काय पाहिलं असेल? जानेवारी १९६२ मध्ये त्यांनी तारेनं होकार कळवला. स्वरूप १९६३ साली परतले. १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर. जमिनीचा उतार ओळखून त्याच्याकडून काम करून घेणं, ही युक्ती बुऱ्हाणपूरकरांना परकी वाटू नये! आणि पुढे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण झाली, आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिथे वेळ मागतात.

आता त्या पत्राची निवड यंत्रानं केली असती तर? यंत्र भूतकाळ वाचतं. याआधी कुठल्या विषयाला यश मिळालं, कुठल्या संस्थेचे निबंध जास्त छापले गेले, त्यावरून ते पुढचा अंदाज बांधतं. ज्या विषयाचा त्या संस्थेत भूतकाळच नाही, त्याला ते किती गुण देईल? भाभांनी माणसं पाहिली आणि जे अजून नव्हतं त्यावर पैज लावली. १९६६ च्या जानेवारीत, मृत्यूच्या काही दिवस आधी, मुंबईत वैज्ञानिकांपुढे बोलताना त्यांनी हेच बजावलं होतं, की विज्ञान वाढवण्यासाठी लागणारं प्रशासन हे कारखाना चालवण्याच्या किंवा कायदा-सुव्यवस्था राखण्याच्या प्रशासनाहून अगदी वेगळ्या जातीचं असतं.

आणि दूर कशाला जाता, आपल्या केळीच्या बागा घ्या. बुऱ्हाणपूर, रावेर, सावदा, यावल हा सगळा पट्टा केळीवर जगतो. सीएमव्ही हा विषाणू, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतो, तो आला की पानांवर पिवळे पट्टे पडतात, वाढ खुंटते. मावा तो पसरवतो. रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करण्यावाचून इलाज नसतो. आता हरण्यावरचा एक साधा, तालुक्यापुरता प्रस्ताव आणि जगभर गाजणाऱ्या विषयावरचा झगमगीत प्रस्ताव एकाच ढिगात पडले. आकड्यांत दुसराच वर येणार. पहिल्याची किंमत कोण ओळखणार? ज्यानं जून-जुलैत लावलेली टिश्यू कल्चरची रोपं महिन्या-दीड महिन्यात उपटताना शेतकऱ्याचा चेहरा पाहिला आहे, तो. निवड म्हणजे नुसता क्रम लावणं नव्हे. कुठला प्रश्न आपला आहे, हे ठरवणं ही निवड.

तिसरं, जबाबदारीचं काम. इथे मला डॉ. वसंत गोवारीकरांची आठवण येते. त्यांच्या पुढाकारानं १९८८ पासून हवामान खातं मान्सूनचा अंदाज सोळा घटकांच्या प्रतिमानावर देऊ लागलं. ठिकठिकाणचं तापमान, हवेचा दाब, वारे, हिमालयातला बर्फ, एल निनो अशा सोळा खुणा, आणि मागच्या अनेक वर्षांच्या पावसाशी त्यांचा लावलेला संबंध. त्या काळासाठी ते मोठं धाडस होतं, आणि वर्षामागून वर्ष देशाचा त्याच्यावर विश्वास बसत गेला. मग २००२ आलं. अंदाज होता नेहमीसारख्या पावसाचा. जुलैत जेमतेम निम्मा पाऊस झाला आणि हंगामाअखेरी तूट १९ टक्क्यांची. प्रतिमान मागच्या वर्षांवरून शिकलं होतं, आणि ते वर्ष मागच्यांसारखं नव्हतं. पुढे काय झालं? माणसांना उत्तर द्यावं लागलं. शेतकऱ्यांनी विचारलं, संसदेनं विचारलं, वर्तमानपत्रांनी विचारलं. शास्त्रज्ञांनी प्रतिमान उघडलं, कुठल्या खुणा आता उपयोगाच्या राहिल्या नाहीत ते तपासलं आणि २००३ मध्ये नवी प्रतिमानं आणली.

यात चुकण्याला मी महत्त्व देत नाही. चुकणं विज्ञानात असतंच. महत्त्व आहे ते उत्तर देण्याला. यंत्राला संसदेत उभं करता येतं का? ज्याचं पेरलेलं करपलं त्या शेतकऱ्यासमोर यंत्र मान खाली घालून बसेल का? यंत्र नियम पाळेल, पण नियमच चुकीचा आहे हे भांडून सांगायला माणूस लागतो. प्रयोगशाळांना छोट्या वस्तूही वेळेवर घेता येत नाहीत, हे आमच्या बिरादरीतली माणसं वर्षानुवर्षं सांगत राहिली. तेव्हा कुठे जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी दरपत्रकांशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली. ज्यांनी ते मांडलं, त्यांच्या डोळ्यांपुढे त्या कोमट कुपीसारखं काहीतरी असणार.

तर हे तीन भाग. कागद यंत्राकडे जाईल. निवडीत यंत्र हाताशी राहील. जबाबदारी माणसाकडेच राहील. इथे थांबलो असतो तर आईवडील सुखानं घरी गेले असते. पण मला झोप येऊ न देणारी गोष्ट याच्या पुढची आहे.

जबाबदारी पेलणारा माणूस तयार होतो कुठे?

तो कागदाच्या कामात तयार होतो. मी कसा शिकलो? पहिली दोन वर्षं माझ्या वरिष्ठांनी मला जुन्या फायली वाचायला लावल्या. एकेका प्रस्तावाचा एका पानात गोषवारा लिहायचा, आणि तो ते लाल शाईनं खोडायचे. पुन्हा लिहायचा, पुन्हा खोडायचे. एकदा असाच गोषवारा लिहिताना मी अडखळलो. मोठ्या किमतीचं उपकरण मागितलं होतं, सगळं रीतसर होतं, तीन दरपत्रकं जोडलेली होती. पण उपकरण चालवायला तंत्रज्ञ मागितला नव्हता, वातानुकूलित खोलीची तरतूद नव्हती, देखभालीला एक पैसा धरला नव्हता. मी वरिष्ठांना विचारलं, "साहेब, हे चालवणार कोण?" त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आजपासून तू गोषवारा लिहायचा नाहीस. आजपासून तू बैठकीला बसायचं."

त्या कागदात जे लिहिलेलं नव्हतं ते मला दिसलं. हे दिसायला मला तीनशे फायली लागल्या. आज तो गोषवारा यंत्र अर्ध्या मिनिटात लिहितं, माझ्याहून नेटका लिहितं. मग चोवीस वर्षांच्या मुलीला तीनशे फायली वाचायला कोण देणार? का देणार? हिशेबात ती पहिली पायरी वायफळ ठरते आणि काढून टाकली जाते. वीस वर्षं काही बिघडणार नाही, कारण वर बसलेली माणसं जुन्या पद्धतीनं घडलेली आहेत. ती निवृत्त झाली की? त्या खुर्चीत बसणाऱ्याला यंत्राचा गोषवारा दिसेल. त्यात काय राहून गेलं आहे ते दिसणार नाही.

आता कुंड्यांकडे परत चला. समजा कुणी हिशेबनीस आला आणि म्हणाला, पाणी तर नीट वाहतंय, या शंभर तोंडांची गरज काय, बुजवून टाका, जागा मोकळी होईल. पहिल्या वर्षी पाणी वाहील. दहाव्या वर्षीही वाहील. चुना मात्र रोज चढत राहील, आणि ज्या दिवशी धार बारीक होईल त्या दिवशी खाली उतरायला वाट नसेल, उतरणं ठाऊक असलेला माणूसही नसेल. आमच्या व्यवसायातली पहिली नोकरी, ती फायलींची, गोषवाऱ्यांची, कंटाळवाणी वाटणारी नोकरी, ही कुंडी आहे. ती बुजवू नका. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे.

मग करायचं काय? संस्था चालवणाऱ्यांना माझ्या तीन सूचना आहेत.

एक, नव्यानं आलेल्या माणसाला काही फायली यंत्राशिवाय वाचू द्या. आधी त्याचं मत कागदावर येऊ दे, मग यंत्राचं मत शेजारी ठेवा आणि दोघांत फरक का पडला यावर वरिष्ठानं अर्धा तास बसून बोलावं. यात वेळ जाईल. तो खर्च समजू नका, ती पेरणी आहे.

दोन, प्रत्येक निर्णयाखाली माणसाचं नाव असू द्या. 'प्रणालीनं नाकारलं' हे वाक्य कुठल्याही संशोधकाला ऐकायला मिळता कामा नये. कुणी नाकारलं, का नाकारलं, आणि दाद कुणाकडे मागायची, हे त्याला कळलंच पाहिजे.

तीन, यंत्रामुळे जे तास वाचतील ते माणसं कमी करण्यात घालवू नका. ते प्रयोगशाळेत, शेतात, प्रकल्पाच्या जागेवर घालवा. केळीच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या अधिकाऱ्यानं वर्षातून काही दिवस केळीच्या बागेत उभं राहिलंच पाहिजे.

आणि समोर बसलेल्या मुलामुलींनो, तुम्हाला? या वाटेला जरूर या. यंत्र उत्तम वापरायला शिका, त्याला घाबरून लांब राहू नका. पण त्याआधी कुठलं तरी एक विज्ञान खोलवर शिका, स्वतःच्या हातानं प्रयोग फसलेला अनुभवा. जमाखर्च शिका, कायद्याची भाषा समजून घ्या. आणि भाषा सांभाळा. या गावाची मोठी श्रीमंती भाषांची आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी, गल्लीत उर्दू, कॉलेजात इंग्रजी, हे तुम्ही श्वास घ्यावा तसं करता. आपल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. ज्यानं तो कोरवला त्याला ठाऊक होतं की या शहरात एका भाषेत बोलून भागत नाही. विज्ञान-व्यवस्थापकाचं अर्धं काम हेच असतं. शास्त्रज्ञाचं म्हणणं हिशेबनिसाला सांगायचं, मंत्रालयाचं शास्त्रज्ञाला, आणि दोघांचं मिळून औंढ्याच्या शेतकऱ्याला. शब्दांचं भाषांतर यंत्र करेल. समोरचा गप्प का बसला आहे, हे मात्र तुम्हालाच ओळखावं लागेल.

सरांचा तो दुसरा प्रश्न मी पुढे आयुष्यभर जवळ बाळगला. पाणी आणणाऱ्याचं नाव इतिहासात आहे. वाहतं ठेवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. कमरेला दोर बांधून, हातात दिवा घेऊन, ऐंशी फूट खोल अंधारात कुणीतरी उतरलं असेल, चुना खरवडून वर आलं असेल आणि घरी जाऊन जेवलं असेल. शहरानं पाणी प्यायलं. त्या माणसाकडे तीन गोष्टी होत्या : खाली काय साचतं याची जाण, उतरायची तयारी, आणि उतरायला उघडी ठेवलेली वाट. जाण आणि तयारी तुमच्यात येईल, याची मला खात्री आहे. वाट उघडी ठेवणं हे आम्हा वडीलधाऱ्यांचं काम आहे, आणि त्यात आम्ही कसूर केली तर तुम्ही आम्हाला जाब विचारा.

सरांना माझं वंदन.